कृष्णात वस्तादांची हाताची आग

पलूसच्या कृष्णातला सांगलीत तीन वर्षं लोक वस्ताद म्हणत होते. त्यानं कधी कुणाला कुस्ती शिकवली नाही, लाठी शिकवली नाही, तबला-पेटी तर लांबच. तो व्हिडिओ गेमचा वस्ताद होता. आता तुम्ही हसाल. हसा. मीही गल्ल्यावर बसून, तोंडाला पदर लावून तेच केलं.

आमचं दुकान भांड्यांचं, एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर. चौऱ्याण्णव साली आमचे हे, म्हणजे महावीर, मुंबईला स्टीलचा माल आणायला गेले आणि टेंपोत पातेल्यांच्या जोडीला कपाटाएवढं एक मशीन घालून आले. वर काचेत टीव्ही, खाली दोन माणसांसाठी दोन दांडे आणि बटणं. मी विचारलं, "हे काय? पिठाची गिरणी?" हे म्हणाले, "गेम आहे, गुणमाला. ह्यात दोघं मारामारी करतात." मी म्हटलं, "ती तर स्टँडवर रोज फुकट बघायला मिळते." पण माझं ऐकतंय कोण! मागच्या खोलीतल्या घमेल्यांच्या थप्प्या हलल्या, मशीन बसलं, आणि गल्ल्यावर मी बसले. एका हातानं बायकांना तवे दाखवायचे, दुसऱ्या हातानं पोरांना टोकन द्यायचं.

त्या मशीनमध्ये एक टकल्या पैलवान होता. तो हातांतून आगीचा गोळा फेकायचा आणि फेकताना कुठल्याशा परदेशी भाषेत ओरडायचा. सांगलीच्या पोरांना ते "हरणाबाऽई" असं ऐकू यायचं. खरीखुरी हरणाबाई, आमच्याकडं परात घ्यायला आलेली, दोनदा मागं वळून म्हणाली, "कोण मेला हाक मारतोय मला?" तिसऱ्यांदा ती परात ठेवून निघून गेली. ती परात अजून आमच्या फळीवर आहे.

पण ही आग सहजासहजी निघत नव्हती. नुसतं बटण दाबलं तर नुसता ठोसा. आग पाहिजे तर दांडा आधी खाली ओढायचा, तिथून तिरपा घ्यायचा, तिथून पुढं न्यायचा आणि पुढं पोचल्या क्षणी बटण दाबायचं. हे सगळं पापणी लवायच्या आत. जरा चुकलं की टकल्या आग फेकायच्या ऐवजी मटकन खाली बसायचा आणि समोरच्याच्या लाथा खायचा. कित्येक महिने सांगलीतल्या एकाही बहाद्दराला ते जमलं नाही.

जमलं ते कृष्णातला. पलूसला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की शेतकरी त्याच्याकडं आणायचे, आणि हा जुनी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचा. वय सत्तावीस-अठ्ठावीस, तिघा भावांतला मधला. थोरल्याला गावात मान, धाकटा मिल्ट्रीत, आणि हा घरात असला काय नि नसला काय. आईसुद्धा सांगायची, "दोन पोरं हायती मला, आणि एक कृष्णात." तार घ्यायला दर रविवारी तो सांगलीला यायचा. एकदा मशीन बघितलं आणि चिकटला.

तीन महिने त्यानं त्या दांड्याशी झोंबी घेतली. अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला, फुटला, परत आला. तो तोंडानं पुटपुटायचा, "खाली, तिरपा, म्होरं, ठोक." आणि एका रविवारी टकल्याच्या हातातून आग निघाली. मग दुसरी, मग तिसरी. पोरांनी घमेली बडवली. कृष्णातच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी बघितलंय, आणि त्याची चेष्टा मी तेव्हाही केली नाही, आताही करत नाही. ती आग खरी होती.

चेष्टा त्याच्या पुढची. त्या दिवसापासून हा वस्ताद झाला. पोरं शिकायला येऊ लागली. त्यांत अकरावीतला सन्मती पट्टशिष्य. गुरुपौर्णिमेला चौदा पोरं नारळ घेऊन आली, मशीनला हार घातला आणि ओळीनं वस्तादांच्या पाया पडली. कृष्णात डोळे मिटून आशीर्वाद देत होता, "मनगट सुटू दे." शेजारच्या टेलरनं मला विचारलं, "वहिनी, कोण महाराज आलेत?" मी म्हटलं, "पलूसचे. मोटारी जिवंत करतात." वस्ताद आले की रांग बाजूला व्हायची. त्यांना नंबर लावावा लागत नसे. पलूसात ज्याला कुणी खुर्ची देत नव्हतं, त्याला सांगलीत स्टूल पुसून मिळत होतं.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात व्होल्टेज वाढलं आणि मशीनच्या आतला बोर्ड जळाला. ह्यांनी मुंबईहून दुसरा आणला, स्वस्तातला, कुणीतरी नक्कल करून बनवलेला. दिसायला गेम तोच. टकल्याही तोच, ओरडायचाही तसाच. फरक एवढाच की ह्या बोर्डात शेवटचं बटण दाबलं की आग. दांडा हलवायची गरजच नाही. हे मला हळूच म्हणाले, "कृष्णातला सांगू नकोस." मी विचारलं, "का?" म्हणाले, "अगं, त्याचा जीव आहे त्यात."

सांगायची वेळच आली नाही. तासाभरात पोरांना ते बटण सापडलं. कृष्णात आला तेव्हा सन्मती एका बोटानं आगीवर आग फेकत होता. मला वाटलं, आता वस्तादांची वस्तादकी संपली. कृष्णातनं बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "ही कच्ची आग हाय."

"म्हणजे?" सन्मतीनं विचारलं.

"म्हंजे बटणाची. हातानं काढल्याली ती पक्की. कच्ची आग फेकणारा ह्यो कच्चं लिंबू. खेळू द्यायचं त्याला, पर धरायचं न्हाई."

"पण वस्ताद, लागते तर तेवढीच."

"लागू दे की! लागल्यानं काय हुतंय?"

घ्या! मारामारीच्या खेळात लागल्यानं काय होतंय, असं विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. पण पोरांना ते पटलं. जगात कशाला कमी लेखायचं हे कुणीतरी सांगितलं की माणसाला बरंच वाटतं. तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीत दोन जाती झाल्या. पक्क्या आगीवाले पुढं, कच्चे मागं. एकाच टीव्हीवर, एकाच टकल्याच्या हातातून निघालेल्या एकाच आगीला पोरं "पक्की!" नाहीतर "कच्ची!" म्हणून ओरडायची, आणि ओरडताना बघायची ती टीव्हीकडं नाही, खेळणाऱ्याच्या हाताकडं.

आणि वस्तादांचा हात! आधी त्याचं फक्त मनगट हलायचं, एवढंसं, सुईत दोरा ओवावा तसं. आता बघायला चौदा जणं, मग मनगटानं कसं भागणार? आधी कोपर फिरायला लागलं, मग खांदा. वर्षभरात तो उभा राहून ताक घुसळल्यासारखा दांडा गरागरा फिरवायचा आणि शेवटी बटणावर थाप मारायचा. आग निघायची. निघणारच हो! बटण दाबलं होतं ना. दांडा नुसता धरून ठेवला असता तरी निघाली असती. मला ते दिसत होतं. खाली-तिरपा-पुढं ह्यातलं काही त्या घुसळणीत उरलेलं नाही, हेसुद्धा दिसत होतं, कारण मी त्याचे पहिले तीन महिने पाहिले होते. मी बोलले नाही. उलट बायकांना तवा दाखवता दाखवता म्हणायचे, "बघा, आमचे वस्ताद आग पाडतायत." त्याला वाटायचं मी कौतुक करतेय.

सत्त्याण्णव साली त्याच्या डोक्यात सामना घ्यायचं आलं. स्टँडमागच्या ज्या छापखान्यात तो गेला, तिथं जत्रेच्या कुस्त्यांच्या पत्रिका छापायचे. छापणाऱ्यानं कुस्तीचाच साचा घेतला, वरची नावं बदलली, खालचं सगळं तसंच ठेवलं. पत्रिका आली ती अशी: "भव्य जंगी सामना. हाताच्या आगीचे वस्ताद कृष्णात (पलूस) यांचे सर्वांस आव्हान. कच्च्या आगीस मज्जाव नाही, मात्र मान नाही. निकाल चीतपट. गुणांवर कुस्ती सोडवली जाणार नाही." मी म्हटलं, "कृष्णात, हे खालचं काय?" तो म्हणाला, "असू द्या वैनी, वजन येतंय." आणि वजन यावं म्हणून पंच आणला तोही तालमीतला, सत्तरीतले नानासो. त्यांनी आयुष्यात टीव्हीवर बातम्यांपलीकडं काही पाहिलं नव्हतं.

पत्रिका पोरांनी एसटीच्या गाड्यांत सीटमागं चिकटवल्या. त्यातली एक साताऱ्याला पोचली आणि ती वाचून एक गृहस्थ आले. रिटायर सुभेदार चिंतामणराव. साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत त्यांनीही असंच मशीन ठेवलं होतं. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, डावा हात पँटच्या खिशात. मला म्हणाले, "ताई, खेळायला आलोय." मी नातवाला शोधत होते. कळलं, हेच.

स्थानिक पाच-सहा जणांना वस्तादांनी घुसळून काढलं. मग सुभेदार उभे राहिले. त्यांनी दांड्याला हातच लावला नाही. डावा हात खिशात तो खिशातच. उजव्या हाताच्या एका बोटानं शेवटचं बटण शोधलं, म्हणाले, "हेच ना? मघापासून पोरं दाबतायत ते?" आणि दाबत सुटले. हरणाबाई, हरणाबाई, हरणाबाई! वस्तादांचा खांदा एक फेरा पूर्ण करेपर्यंत सुभेदारांच्या तीन आगी येऊन लागत होत्या. दोन मिनिटांत वस्तादांचा पैलवान उडाला आणि धाडकन पडला.

तेवढ्यात नानासो उठले, फेटा सावरला, काचेला नाक लावून बघितलं आणि हात वर केला. "थांबा! कुस्ती चालू!"

"आवं नानासो, पडला की!" सन्मती म्हणाला.

"पडला, पर पालथा पडला. पाठ कुठं लागली?"

"पण मशीन म्हणतंय हरला म्हणून."

"मशीनला काय कळतंय रं? मशीन कवा तालमीत गेलं हुतं?" नानासोंनी खिशातून पत्रिका काढली. "निकाल चीतपट. हे मी छापलंय का? पाठ लागल्याबगार मी निकाल द्यायचा न्हाई." तेवढ्यात काचेत, पुढं खेळायचं असेल तर टोकन टाका म्हणून, नऊ, आठ, सात असे आकडे उतरायला लागले. नानासो म्हणाले, "हे बघा, मोजतंय. मशीनला बी शंका हाय."

सुभेदार पोट धरून हसले. मला वाटलं, कृष्णातही हसेल आणि विषय मिटेल. पण ह्या बाबानं नानासोंचा शब्द दोन्ही हातांनी धरला. "पंचांनी सांगितलं न्हवं? पाठ लागली न्हाई. मी हारलो न्हाई." मला इतका संताप आला! दोन वर्षं आम्हाला पक्कं आणि कच्चं शिकवणारा हा माणूस आता पालथं नि उताणं ह्यांच्यात लपायला बघत होता. त्यात दिवस कलला होता. आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं. मी शटरला हात घातला आणि म्हटलं, "तुमची पाठ लागायची तेव्हा लागू दे, माझी भाकरी राहिलीय."

शटर अर्धं खाली असताना कृष्णात सुभेदारांना म्हणाला, "आणि तसंबी, तुमची आग कच्ची हुती. खिशात हात घालून कुणीबी फेकंल."

सुभेदार शांतपणे म्हणाले, "बेटा, गोळी लागली की लागली. बंदूक कशी धरली होती, हे लागलेला विचारत बसत नाही."

"मग हाताच्या मशीनवर दावा की!"

"माझ्याकडचं तसलंच आहे. जुनं, असली. नुसत्या बटणाला दाद देत नाही. पुढच्या रविवारी ये."

चौदा पोरं ऐकत होती. कृष्णातनं छातीवर हात मारला. "येतो. आणि तितं माझ्या हातची आग निघाली न्हाई, तर ह्या पोरांनी मला वस्ताद म्हणायचं न्हाई. वैनी साक्षीला चला. जुना-नवा दोन्ही बोर्ड बघितल्यालं माणूस पायजे."

मी गेले. साताऱ्याला माझी मावशी असते, तिला भेटायचं निमित्त होतं. पण खोटं कशाला बोलू, मी मजा बघायला गेले. मला माहीत होतं काय होणार ते. पलूसहून येऊन तो सकाळी स्टँडवर भेटला, नवा शर्ट घालून. गाडीत कऱ्हाडपर्यंत तो मला समजावत होता की असली मशीनवर हाताची किंमत कळते, आणि त्या म्हाताऱ्याला आज कळेल. "लय माज हाय वैनी त्यास्नी. खिशातनं हात बी काढला न्हाई." मी खिडकीबाहेर बघत "हो का" म्हणत होते. तीन तास होते माझ्याकडं. एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो?

सुभेदारांच्या खोलीत बिल्ले लावलेली चौकट, एक कॅलेंडर आणि ते मशीन. बायकोनं चहा दिला. मग सुभेदारांनी खिशातून डावा हात काढला. मनगट वाकडं होतं, आखडलेलं.

कृष्णात चपापला. "लढाईत?"

"नाही. लेहला जीप उलटली. शत्रू नव्हता, उतार होता." सुभेदारांनी तो हात दांड्यावर ठेवून दाखवला. "पुढं-मागं होतं. तिरपं होत नाही. हे मशीन घेऊन तीन वर्षं झाली. इथं येणाऱ्या पोरांची आग निघते, माझी एकदाही निघाली नाही. परवा तुमच्या सांगलीत निघाली. पहिल्यांदा. घरी येऊन हिला सांगितलं, आज मी आग फेकली."

त्यांच्या बायकोनं हसून मान हलवली. दुसरा कुणी असता तर इथंच थांबला असता. कृष्णात म्हणाला, "मग आज आग फकस्त माझी."

खेळ सुरू झाला. कृष्णातनं पाय रोवले, खांदा उचलला, दांडा गरागरा फिरवला आणि बटणावर थाप मारली. टकल्यानं टुणकन उडी मारली. कृष्णात म्हणाला, "हात गरम व्हायचाय." परत घुसळलं, परत थाप. टकल्या मटकन खाली बसला. मग एक ठोसा निघाला, तोही हवेत. समोरून सुभेदारांचा पैलवान चालत आला. त्यांना आग येत नव्हती, ते त्यांना माहीत होतं, त्यामुळं ते तिची वाटही बघत नव्हते. आखडलेल्या हातानं दांडा पुढं ढकलायचा आणि लाथ. पुढं आणि लाथ. कृष्णात एका जागी उभा राहून घुसळतोय, घाम निथळतोय, आणि तो समोरचा येऊन साधी लाथ घालतोय. पहिली फेरी गेली. दुसरी तशीच गेली.

"दांडा सैल हाय," कृष्णात म्हणाला. सुभेदारांनी मुकाट्यानं जागा बदलली. ह्या बाजूलाही तेच. पूर्ण सामन्यात एक आग नाही. एकसुद्धा!

सुभेदारांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "आणखी एक घेऊ?" पण कृष्णातनं हातानं थांबवलं. "जरा गप बसा सगळी." तो वाकला आणि त्यानं कान दांड्याच्या बुडाशी लावला. मोटारीला लावतात तसा. दांड्याखाली चार बाजूंना चार छोटे स्विच असतात, दांडा तिकडं गेला की वाजतात, आणि तिरपा गेला तर शेजारचे दोन एकदम दाबले जातात. त्यानं हळूहळू दांडा खाली घेतला. टक्. तिरपा घेतला. टक्, दुसरा वाजला. पुढं नेला. मग त्यानं आपला नेहमीचा फेरा मारला, जोरात, खांद्यापासून. कान तिथंच होता. तो फेरा त्यानं चार-पाच वेळा मारून ऐकला.

सरळ झाला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "तिरपा वाजत न्हाई," तो म्हणाला. "माझ्या हातातनं तिरपा गेलाय."

मोटारीचा रोग कानानं ओळखणारा माणूस तो. स्वतःचाही त्यानं तसाच ओळखला, कुणाला विचारलं नाही. सुभेदार म्हणाले, "जाईल कुठं? येईल परत. तुझं मनगट चांगलं आहे, बेटा. माझं नाही."

परतीच्या गाडीनं कऱ्हाड सोडलं. कृष्णात समोर बघत म्हणाला, "वैनी, तुमाला ठावं हुतं?"

मी हो म्हटलं.

"कवापासनं?"

"दीड-दोन वर्षं. खांदा हलायला लागला तेव्हापासून."

"मग बोलला का न्हाई?"

ह्यांनी नको सांगितलं होतं म्हणावं तर ते बोर्डाबद्दल होतं. गर्दी जाईल म्हणून गप्प बसले म्हणावं तर तेही खरं नव्हतं. खरं ते मला लाजवणारं होतं. मला त्याची गंमत बघायला आवडायचं. रोज फुकटचा तमाशा होता, आणि मी पुढच्या रांगेत होते. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"मी लय बोललो त्या पोरास्नी," तो म्हणाला. "कच्चं, कच्चं म्हणून." पुढं सांगलीपर्यंत त्यानं डोळे मिटून घेतले होते, पण झोपला नव्हता. उजवा हात नाही, डावा, मांडीवर थोडा थोडा हलत होता. खाली, तिरपा, पुढं.

साताऱ्यात काय झालं ते सांगलीत कुणालाच माहीत नव्हतं. मी साक्षीदार होते आणि मी बोलणार नव्हते. निदान तेवढं तरी मी करू शकत होते. त्याला हवं असतं तर येऊन म्हणाला असता, निघाली आग, मारलं म्हाताऱ्याला. मी मान हलवली असती. तसं मी गाडीतून उतरताना त्याला बोलूनही दाखवलं. तो नुसता "बघू" म्हणाला. मला वाटलं, आता हा येणारच नाही.

पुढच्या रविवारी तो आला. पोरं वाटच बघत होती. रांग बाजूला झाली, सन्मतीनं स्टूल पुसलं. "वस्ताद, काय झालं? निघाली का?" कृष्णात बसला नाही. मशीनसमोर उभा राहिला, डावा हात खिशात घातला आणि उजव्या हाताच्या एका बोटानं शेवटचं बटण दाबलं. टकल्या ओरडला, आग निघाली.

"कच्ची!" सवयीनं दोघं-तिघं ओरडली आणि जीभ चावून गप्प झाली.

"व्हय," कृष्णात म्हणाला. "बोर्ड बदलल्यापासनं माझी हीच हुती. मी दांडा फिरवत हुतो त्यो उगाच. साताऱ्याला एक बी निघाली न्हाई. तुमच्यातल्या कुणालाबी कच्चं म्हणायचा मला हक्क नव्हता."

मी गल्ल्यावरून सन्मतीकडं बघत होते. पाया पडणारा, नारळ आणणारा, वस्तादांचा शब्द खाली पडू न देणारा हा पोरगा आता काहीतरी बोलेल, "असू दे वस्ताद" एवढं तरी म्हणेल, असं मला फार वाटत होतं. मनातल्या मनात मी त्याला बोल, बोल म्हणत होते. सन्मतीनं मशीनकडं बघितलं, कृष्णातकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या रांगेकडं बघितलं. आणि अगदी साध्या आवाजात, कुणाही गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाला, "काका, झालं असेल तर सरका की जरा. आमचा नंबर आहे."

कृष्णात सरकला. रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.